दोष अंघोळीचा नाही

नायट्याच्या बाबतीत आपल्याकडे निकाल फार पूर्वीच लागून गेला आहे. जो नीट अंघोळ करत नाही, कपडे बदलत नाही, त्याला नायटा होतो. शाळेच्या पालकसभेत बाई हेच सांगतात, आरोग्य शिबिरात माइकवरून हेच ऐकू येतं, आणि स्थळ पाहायला गेलेल्या मंडळींना मुलीच्या मानेवर गोल चट्टा दिसला तर परतीच्या गाडीत हेच कुजबुजलं जातं. जळगाव-धुळ्याकडे या निकालाच्या बाजूने हवामानही साक्षीला उभं असतं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात, अंगावर घामाच्या धारा आणि शहरांतसुद्धा नळाला दिवसाआड नाही तर चार-चार दिवसांनी पाणी. मग नायटा होणार नाही तर काय होणार, असं म्हणून विषय मिटवला जातो.

हा निकाल चुकीचा आहे. नुसता चुकीचा असता तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. तो अनेकांच्या सोयीचाही आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा हट्टी झाला, महिनोन्‌महिने जाईनासा झाला, एकाला झाला की घरातल्या सगळ्यांना धरू लागला. याचं खापर अंघोळीवर फोडलं की मलमाच्या ज्या ट्यूबने तो वाढवला तिच्याकडे कोणी बघत नाही. बनवणारा सुटतो, विकणारा सुटतो, लिहून देणारा सुटतो, परवाना देणारं सरकार सुटतं. अडकतो तो खाजवणारा.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात जेवढं खरं आहे तेवढं आधीच मान्य करतो. नायटा किंवा गजकर्ण ही बुरशी आहे. ती जगते केराटिनवर, म्हणजे त्वचेचा वरचा मृत थर, केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनलेली असतात त्यावर. ओल आणि ऊब तिला मानवते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ठिबकच्या ओलीत आणि पानांच्या दाट सावलीत दिवसभर घड वाहणाऱ्या मजुराच्या जांघेत, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या कमरेला परकराची नाडी जिथे घट्ट आवळलेली असते तिथे, दुचाकीवर जाड जीन्स घालून रोज तालुक्याला जाणाऱ्या पोराच्या मांडीवर तिला हवं ते सगळं आयतं मिळतं. एकाच टॉवेलला घरातल्या चौघांनी अंग पुसलं, पावसाळ्यात दमट कपडे तसेच चढवले, तर ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. हे सगळं खरं. अंग कोरडं ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा, कपडे कडक उन्हात वाळवा, हा सल्ला उत्तम आहे, आणि खान्देशात ऊन फुकट आहे.

पण ओल आणि घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसातून दोनदा सुगंधी साबणाने अंघोळ करून अंग न पुसता घट्ट कपडे घालणाऱ्याला नायटा होतो. आठवड्यातून दोनदा अंघोळ करून मोकळं धोतर नेसणाऱ्या आजोबांना होत नाही. बुरशीला मळाशी देणंघेणं नाही. उलट नायटा झाला म्हणून जंतुनाशक साबणाने, दगडाने, काथ्याने घासघासून अंग धुणारा माणूस त्वचेचा वरचा बांध स्वतःच फोडतो आणि बुरशीला वाट करून देतो. शिब्यांचंही तेच. छाती-पाठीवर फिकट डाग उठवणारी ती बुरशी बाहेरून येतही नाही. ती तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या त्वचेवर मुळातच असते आणि त्वचेच्या तेलावर जगते. घाम, दमटपणा आणि तेल वाढलं की तीही वाढते. औषधाने ती मेली तरी त्वचेचा रंग परत यायला महिने लागतात. तेवढ्या काळात घरचे 'कोड आहे' म्हणून घाबरतात आणि शेजारचे 'अंघोळ करत नाही' म्हणून नाक मुरडतात. दोघंही चुकतात.

आता माझा मुख्य आक्षेप. नायटा अस्वच्छतेने होत असता तर गेल्या दशकात तो कमी व्हायला हवा होता. या काळात खेड्यापाड्यांत न्हाणीघरं आणि शौचालयं झाली, साबण दारिद्र्यरेषेखालच्या घरातही पोचला, वॉशिंग पावडरच्या पुड्या किराणा दुकानाच्या दारात लटकू लागल्या. 2014 पासून स्वच्छतेचं सरकारी अभियान घरोघर गेलं. आणि नेमक्या याच वर्षांत देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ सांगू लागले की साधा नायटा आता साधा राहिलेला नाही. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारा चट्टा सहा-सहा महिने हटेना. जांघेपुरता असणारा नायटा पाठ, पोट, चेहरा व्यापू लागला. तान्ह्या बाळांच्या अंगावर दिसू लागला. तो झोपडीत होता तसा बंगल्यात होता, मजुराला होता तसा प्राध्यापकालाही होता. स्वच्छता वाढली आणि तिच्याबरोबर नायटाही वाढला. अंघोळवाद्यांनी या एका गोष्टीचं उत्तर द्यावं. मला तरी ते आजवर मिळालेलं नाही.

उत्तर अंघोळीच्या मोरीत नाही, मेडिकलच्या काउंटरवर आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी खान्देशातल्या कुठल्याही मोठ्या गावातल्या मेडिकलपुढे दहा मिनिटं उभं राहा. कोणीतरी येतं आणि म्हणतं, "भाऊ, आंगले खाज सुटनी शे, ती टूब दी दे." कुठली टूब, हे विचारावं लागत नाही. दुकानदार मागे न बघता हात घालतो. पंधरा-वीस ग्रॅमची, बोटाएवढी ट्यूब. पुढे मोठ्या अक्षरात नाव. मागे, डोळे बारीक करून वाचावी लागेल अशा अक्षरात घटक: एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक, कधी दोन, आणि त्यांच्याबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. हे शेवटचं नाव म्हणजे स्टेरॉइड. क्लोबेटासोल तर त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमधल्या सर्वांत तीव्र वर्गातलं. सोरायसिससारख्या आजारात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको अशी सूचना असलेलं हे औषध. ते नायट्याच्या ट्यूबमध्ये कशाला?

खाज थांबवायला. चट्ट्याची लाली, सूज, आग, खाज हे सगळं बुरशी थेट करत नाही. बुरशीशी आपली त्वचा जी झुंज देते तिचं ते लक्षण आहे. स्टेरॉइड ती झुंजच थांबवतं. पहिल्या रात्री खाज निम्म्यावर येते. तिसऱ्या दिवशी लाली उतरते. आठवड्याने चट्ट्याची कड सपाट होते आणि माणूस म्हणतो, 'गेला.' विस्तवावर राख टाकावी तसा हा प्रकार: वरून विझल्यासारखं, आत धग तशीच. ट्यूब संपते, आणि आठ-दहा दिवसांत खाज दुपटीने परत येते. पुन्हा तीच ट्यूब, कारण 'मागच्या वेळी याच ट्यूबने बरं वाटलं होतं.' या फेऱ्यात चट्ट्याचं रूपच पालटतं. नायट्याची जुनी ओळख म्हणजे उंचावलेली लालसर, खवलेदार गोल कड आणि मधे साफ होत गेलेली त्वचा. ट्यूबच्या फेऱ्यातून गेलेल्या अंगावर ती कड पुसट होते, कधी एका वर्तुळात दुसरं वर्तुळ दिसतं, कधी नुसता काळपट, विस्कटलेला डाग. मग डॉक्टरलाही तो एका नजरेत ओळखू येत नाही. जांघेत कातडी पातळ होऊन जांभळ्या-पांढऱ्या रेषा उमटतात, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. फरक इतकाच की या तरुण पोराच्या मांडीवर असतात आणि आयुष्यभर जात नाहीत. चेहऱ्यावर तीच ट्यूब 'गोरेपणासाठी' लावणाऱ्या मुलींच्या गालांवर लाली बसते, फोड येतात, आणि ट्यूब सोडली की आग होते. हेही घाणीमुळेच का?

यात नवीन काही नाही, आणि रागाचं कारणही तेच आहे. स्टेरॉइड लावल्याने नायट्याचं रूप बदलतं, तो लपतो आणि पसरतो, हे ब्रिटनमधल्या आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी 1968 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. भारतात मात्र त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय विक्रीची पळवाट खुली होती. मार्च 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत नेमकेपणाने घातली तेव्हा कुठे ती कागदावर बंद झाली. तोवर बरोबर पन्नास वर्षं उलटून गेली होती.

घटकांच्या अनाठायी मिश्रणांची गोष्टही अशीच रखडली. केंद्र सरकारने मार्च 2016 मध्ये 344 मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात नायट्याच्या ट्यूबमधली कितीतरी मिश्रणं होती. कंपन्या न्यायालयात गेल्या, त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांनी पुन्हा तपासलं, आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर नव्याने बंदी आली. मग बाजाराने काय केलं? एक घटक काढला, दुसरा घातला, खोक्यावरचं नाव ठेवलं जवळपास तेच. गिऱ्हाईक नावाने मागतं, घटक वाचत नाही. कंपनीला हे पक्कं ठाऊक आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने स्टेरॉइडच्या गैरवापराविरुद्ध खास कृतीगट उभा केला, सरकारदरबारी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एवढी लढाई अंघोळीशी झाली नव्हती हे उघड आहे.

यावर दुसरा पक्ष पुढे येतो. तो शिकलेला आहे. तो म्हणतो, ट्यूबला कशाला दोष देता, बुरशीच बदलली आहे, आता औषधच चालत नाही. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून नीट बघू. बुरशी बदलली आहे हे खरं. पूर्वी आपल्याकडे ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात जास्त दिसायची. तिला मागे सारून आलेल्या जातीला जपानी संशोधकांनी 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या पेशीत ज्या विकरावर घाव घालतं, त्या विकराच्या जनुकात या जातीच्या अनेक नमुन्यांमध्ये बदल झालेला सापडतो. म्हणून औषधाचा घाव नीट बसत नाही. न्यूयॉर्कमध्येही असे रुग्ण सापडले आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेने तशी नोंद केली. त्यातली एक बाई तर अलीकडे परदेशात गेलेलीच नव्हती. न्यूयॉर्कमधली ती बाईही अंघोळ करत नव्हती, असं कोणी म्हणेल का?

पण बुरशी बदलली म्हणून ट्यूब निर्दोष ठरत नाही. औषधाला दाद न देणारी बुरशी आकाशातून पडत नाही. अपुऱ्या मात्रेचं, अपुऱ्या दिवसांचं औषध जितक्या अंगांवर जितक्या वेळा पडेल, तितकी त्यातून तगून राहणारी बुरशी निवडली जाते. मिश्र ट्यूबने नेमकं हेच घडवलं. खाज थांबली की माणूस औषध थांबवतो, आणि स्टेरॉइडमुळे खाज तिसऱ्याच दिवशी थांबते. म्हणजे बुरशीनाशक चार दिवस लागतं, जिथे ते चार आठवडे आणि अनेकदा त्याहून जास्त लागायला हवं. शिवाय त्वचेची झुंज थांबलेली असल्याने बुरशीला पसरायला अंगभर मोकळं रान. एवढी बुरशी घेऊन तो माणूस घरात झोपतो, एसटीत बसतो, लग्नात नाचतो. 'बुरशी बदलली' हे ट्यूबविरुद्धच्या आरोपपत्राचंच पुढचं पान आहे.

तिसरा पक्ष स्वयंपाकघरातून येतो. रक्त बिघडलंय, उष्णता वाढलीय, वांगं बंद कर. खान्देशी माणसाला भरीत सोड म्हणणं ही शिक्षा किती जबर आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2016 साली. त्याच साली 344 मिश्रणांवर बंदी आली. आपण बंदी पाळली ती वांग्यावर. कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्ल्याने नायटा वाढतो याला काही आधार नाही. बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात बसलेली असते, तिच्या ताटात तुमच्या ताटातलं काही पडत नाही. एखाद्याला वांग्याने खरोखर खाज सुटत असेल तर ती वेगळी तक्रार, तिचा नायट्याशी संबंध नाही. पथ्याचा तोटा हा की महिनाभर वांगं सोडून, ट्यूब मात्र चालू ठेवून, नायटा वाढला की माणूस स्वतःलाच विचारतो, माझ्याकडून पथ्यात कुठे कसूर झाली? पुन्हा दोष त्याचाच.

घरगुती उपायांना मी सरसकट हसत नाही. पावसाळ्यात माळावर उगवणारा टाकळा आपण भाजीला खुडतो, तोच वाटून नायट्यावर लावायची जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-गोव्याकडे 'गोवा पावडर' म्हणून नायट्यावर लावलं जाणारं चूर्ण थेट ब्राझीलच्या एका झाडाचं होतं, पोर्तुगीजांच्या वाटेने आलेलं, आणि त्यातल्या द्रव्यावर पुढे युरोपातल्या डॉक्टरांनीही काम केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेलं व्हिटफील्डचं मलम, बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक आम्लांचं, गरिबांचं औषध म्हणून सरकारी दवाखान्यांत वर्षानुवर्षं चाललं. या सगळ्यांत एक साम्य आहे: ते चुरचुरतात. सॅलिसिलिक आम्ल तर वरचा थर सोलून काढतं, आणि त्या थराबरोबर बुरशीही निघते. जुन्या माणसाला वाटायचं, चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय. ट्यूबने ही समजूत उलटी केली: चुरचुरत नाही म्हणजे लागू पडतंय. सुखाच्या बदल्यात आपण औषध घालवलं.

केसांतल्या नायट्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तो बहुतेक वयात न आलेल्या मुलांना होतो. वयात आल्यावर डोक्याच्या तेलात बुरशीला न मानवणारी आम्लं वाढतात, म्हणून मोठ्यांमध्ये तो विरळा. यातही अंघोळीचा संबंध नाही, वयाचा आहे. बुरशी केसाच्या आत, मुळापाशी शिरलेली असते, तिथे मलम पोचत नाही. तोंडाने घ्यायचं औषध सहा-आठ आठवडे लागतं, आणि 1958 च्या सुमारास आलेलं ग्रिसिओफुल्विन त्यासाठी आजही कामाचं आहे. तरी घरात काय होतं? मुलाचं डोकं भादरतात, वर तीच ट्यूब चोळतात, आणि वर्गात त्याला शेवटच्या बाकावर बसवतात. डोक्यात पू धरून सूज आली की 'गळू' म्हणून चिरायला नेतात. मुलाला 'घाणेरडा' ठरवलं की त्याच्यावर काहीही करायला मोकळीक मिळते, हे जगाने पाहिलेलं आहे. इस्रायलमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून 1960 पर्यंत, उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरितांच्या हजारो मुलांच्या डोक्यांवर नायट्यासाठी क्ष-किरण सोडले गेले. तो त्या काळचा रूढ उपचार होता हे मान्य. पण पुढे त्या मुलांत मेंदूच्या गाठी आणि थायरॉइडचे कर्करोग जास्त आढळले, आणि 1994 मध्ये सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. नायट्याने कोणी मरत नाही. नायट्याबद्दलच्या घाईने मात्र माणसं मेली आहेत.

घाईचं ताजं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. जानेवारी 2025 मध्ये जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले, आठवड्याभरात टक्कल पडू लागलं. पहिला अंदाज काय? बुरशी, आणि गावचं पाणी. डोक्याची बुरशी अशी धडधाकट प्रौढांचे सगळे केस आठवड्यात उतरवत नाही, ती मुलांच्या डोक्यात चकत्या पाडते, हे वैद्यकाच्या पुस्तकातलं साधं ज्ञान त्या गडबडीत मागे पडलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. काहींची नखंही गळू लागली, तीही बुरशीच्या खात्यावर घालता येण्यासारखी नव्हती. तोवर त्या गावांच्या नावाला डाग लागून गेला होता. आधी माणसाच्या अंगाकडे आणि त्याच्या पाण्याच्या हंड्याकडे बघायचं, बाहेरून त्याच्या घरात काय आलं हे शेवटी बघायचं, ही सवय नायट्यापुरती नाही. गव्हाचं पोतं असो की ट्यूब, वरून आलेल्या मालावर संशय घ्यायला आपण फार उशीर लावतो.

आता शेवटचा आक्षेप, आणि खरं तर सगळ्यांत प्रामाणिक. मेडिकलवाला विचारतो: साहेब, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला मी काय सांगू? त्वचेचा डॉक्टर जळगावला, धुळ्याला. जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर माझी ट्यूब स्वस्त. हे खोटं नाही. चोपडा-यावलच्या किंवा शिरपूर-साक्रीच्या आतल्या गावातून दिवस मोडून येणं सोपं नसतं. म्हणून मी दुकानदाराला खलनायक ठरवत नाही. पण त्याच्या प्रश्नातच उत्तर आहे. डॉक्टर दूर आहे म्हणून ट्यूब द्यायची असेल तर स्टेरॉइड नसलेली द्या. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, टर्बिनाफिन यांची साधी, एका घटकाची मलमं त्याच कपाटात असतात. क्लोट्रिमाझोल तर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं. दुकानदाराला हात फक्त दुसऱ्या कप्प्यात घालायचा आहे आणि तीन वाक्यं बोलायची आहेत: चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लाव, खाज थांबली तरी महिनाभर लाव, घरात आणखी कोणाला असेल तर त्यालाही घेऊन ये. महिनाभराने न गेल्यास डॉक्टर. अंगभर पसरलं असेल, चेहऱ्यावर, तान्ह्या बाळाला किंवा डोक्यात असेल, तर आजच डॉक्टर. गिऱ्हाईक म्हणेल, मला तीच हवी, त्याने लवकर बरं वाटतं. तिथे 'नाही' म्हणण्यासाठीच तर कायद्याने दुकानात शिकलेला औषधनिर्माता बसवायला सांगितलं आहे.

दुकानदाराकडे बोट दाखवून इतरांनाही सुटता येणार नाही. मिश्र ट्यूब चिठ्ठीवर लिहून देणारे डॉक्टर गावोगाव आहेत, आणि चिठ्ठी आली की दुकानदाराचा हात कायद्यातही अडकत नाही. शंका असेल तर चट्ट्याची कड खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. तपासणी स्वस्त आहे, अर्ध्या तासात होते. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय महाविद्यालय आहे; तिथली ही तपासणी उपजिल्हा रुग्णालयापर्यंत उतरवायला मोठी योजना लागत नाही. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतून किती मिश्र ट्यूब चिठ्ठीशिवाय गेल्या, हे बिलांवरून तपासावं. आणि शिबिरात माइक हातात घेणाऱ्यांनी 'स्वच्छ राहा' हे पहिलं वाक्य बदलावं. 'ट्यूबच्या मागचं वाचा; सोल किंवा सोन वर संपणारं नाव दिसलं की विचारा' असं म्हणावं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन: दहावी शिकलेल्या पोरीला हे वाचता येतं आणि घरात तीच ट्यूब आणते.

विज्ञानाच्या इतिहासात नायट्याच्या कुळाचा मान मोठा आहे. सूक्ष्मजीवामुळे माणसाला रोग होतो हे पहिल्यांदा दिसलं ते डोक्याच्या अशाच एका बुरशीत, 1839 मध्ये शोनलाइन यांना, आणि त्यानंतर लगेच पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांना. जंतुशास्त्रज्ञ कॉख यांनी जंतूचं नाव घेतलं त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी. रोग हा पाप, रक्त किंवा चारित्र्य यांचा नसून एका जिवाचा असतो, हे माणसाला या चट्ट्यांनी शिकवलं. पावणेदोनशेहून जास्त वर्षांनंतर आपण तोच चट्टा पाहून पुन्हा चारित्र्याची चौकशी करत असू, तर शिकवणीत कसूर आपली आहे.

नायटा झालेल्या माणसाला यापुढे दोनच प्रश्न विचारावेत: अंगाला काय लावलंस, आणि ते तुला कोणी दिलं? अंघोळ केलीस का, हा प्रश्न त्याला पुरेशा वेळा विचारून झाला आहे, आणि त्याने एकही नायटा बरा झालेला नाही.